उच्चतापसह धातू आणि वितळजोडाचा प्रश्न

टंगस्टन 3422, मॉलिब्डेनम 2623 व निओबियम 2477 अंश सेल्सियसला वितळते. केवळ वितळबिंदूवरून उच्च तापमानातील बळ ठरवावयाचे झाल्यास या तिघांत अग्रमान टंगस्टनला द्यावा लागेल. परंतु या धातूंच्या उपयोगाचा इतिहास पाहिला असता, त्यांची निवड पुष्कळदा तप्त धातूच्या बळावरून नव्हे, तर थंड झालेल्या जोडाच्या तन्यतेवरून झाली, असे दिसून येते.

या इतिहासाचा आरंभ विजेच्या दिव्यापासून होतो. 1910 च्या सुमारास अमेरिकेत स्केनेक्टडी येथे विल्यम कूलिज यांनी टंगस्टनच्या चूर्णापासून केलेल्या कांड्या तापवून ठोकल्या आणि तापमान क्रमाने उतरवीत त्यांची तार ओढली. ठिसूळ मानलेला हा धातू त्यामुळे सामान्य तापमानासही वाकू लागला. या संस्कारांनी त्यातील स्फटिककण तंतूंप्रमाणे लांबट झाले होते; तन्यतेचे मूळ या घडणीत होते.

वितळजोड करताना नेमकी हीच घडण नाहीशी होते. जोडातील धातू वितळून पुन्हा गोठतो, लगतच्या पट्ट्यात पुनर्स्फटिकीभवन होते आणि कण मोठे होतात. टंगस्टन व मॉलिब्डेनम यांत ऑक्सिजन अत्यल्प विरघळतो. म्हणून तो कणसीमांवर साचतो व थंड झालेला जोड ठिसूळ होतो. 1950 च्या दशकात जर्मनी व फ्रान्समध्ये निर्वातातील इलेक्ट्रॉन-शलाकेने जोड करण्याची रीत पुढे आली. तिने हवेचे दूषण टळले; धातूत आधीपासून असलेला ऑक्सिजन व मोठे कण यांचा प्रश्न मात्र उरला.

1955 साली गीच व ह्यूज यांनी टंगस्टन व मॉलिब्डेनम यांत ऱ्हेनियम मिसळल्यास तन्यता पुष्कळ वाढते, असे दाखविले. वजनाने सुमारे निम्मे ऱ्हेनियम असलेल्या मॉलिब्डेनमचे जोडही सामान्य तापमानास तन्य राहतात. परंतु ऱ्हेनियम अतिशय दुर्मिळ असल्याने हा उपाय सर्वत्र परवडणारा नव्हता.

निओबियमची गोष्ट निराळी. त्यात ऑक्सिजन अधिक प्रमाणात विरघळतो व कणसीमा तितक्या दुर्बल होत नाहीत. म्हणूनच सी-103 हा 10 टक्के हाफ्नियम व 1 टक्का टायटॅनियम असलेला निओबियमचा मिश्रधातू, उच्च तापमानात टंगस्टनहून दुबळा असूनही, अग्निबाणांच्या नळकांड्यांसाठी मान्य झाला. त्याचे पत्रे वाकविता व जोडता येतात. ऑक्सिडीभवनापासून रक्षणासाठी त्याला लेप मात्र द्यावा लागतो.

तात्पर्य, ओढलेल्या कांडीवर मोजलेले बळ जोडाचे बळ म्हणून गृहीत धरता येत नाही. ज्या घडणीने ते बळ आले, ती जोडात टिकली आहे काय, हा प्रश्न अभ्यासकाने आधी विचारावयास हवा.