ज्ञानदानाची एक वाट : अहमदाबाद ते बोर्डी

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चतुर्विध दानांपैकी शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदान. जैन समाजातील दानशूरांनी ग्रंथभांडारे राखली, पाठशाळा व वसतिगृहे उभारली. विसाव्या शतकात या परंपरेला बालशिक्षणाची जोड मिळाली आणि तिचा एक प्रारंभ अहमदाबादेत झाला.

कॅलिको मिलचे अंबालाल साराभाई व त्यांच्या पत्नी सरलादेवी यांनी शाहीबाग येथील ‘रिट्रीट’ या निवासस्थानी आपल्या आठ अपत्यांसाठी माँटेसरी विचारांवर आधारलेली शाळा चालविली. पुढे अवकाशसंशोधनाचा पाया घालणारे विक्रम साराभाई हे याच शाळेचे विद्यार्थी.

मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या. १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरताच त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांना अड्यार येथे स्थानबद्ध करण्यात आले, तर पुत्र मारिओ यांना आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, मातेच्या सत्तराव्या वाढदिवशी, मायलेकरांची भेट झाली. पुढे अहमदाबादच्या प्रशिक्षणवर्गात माँटेसरींनी दिलेल्या व्याख्यानांतून १९४९ मध्ये ‘द ॲब्सॉर्बंट माइंड’ हा ग्रंथ सिद्ध झाला.

शिक्षणाचा आरंभ शाळेत नव्हे, जन्मापासून होतो, हे या व्याख्यानांचे सार. पहिल्या सहा वर्षांत मूल भोवतालचे जग मनात शोषून घेते. मातृभाषा त्याला कोणी धडे देऊन शिकवीत नाही. हातांनी काम करीत असता त्याची बुद्धी घडते. म्हणून मोठ्यांनी अनुकूल परिस्थिती निर्माण करावी, निरीक्षण करावे आणि अनावश्यक हस्तक्षेप टाळावा. ज्ञान हा आत्म्याचा स्वभावगुण असून गुरू केवळ निमित्त होय, असे मानणाऱ्या जैन श्रावकाला हा विचार परका वाटू नये.

परंतु एक प्रश्न उरतो. धनिकांच्या बंगल्यात रुजलेली ही पद्धती गरिबांच्या झोपडीपर्यंत कशी पोहोचावी? माँटेसरींची साधने महाग होती. याचे उत्तर ताराबाई मोडक यांनी दिले. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासमवेत नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. शंख, शिंपले, खडे, पाने, बिया हीच तेथील साधने. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आकारास आली. पुढे हे कार्य कोसबाडच्या आदिवासी परिसरात विस्तारले.

ज्ञानदानाचे मोल केवळ वास्तूवर कोरलेल्या नावाने ठरत नाही. ते ज्ञान किती बालकांच्या अंगणात पोहोचले, यावर ते ठरते. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी प्रत्येक धर्मादाय संस्थेने आपल्या कार्याला हीच कसोटी लावावी. दात्यांचे तेच खरे स्मरण ठरेल.