चूक झाली हे खरं, पण तिच्यामुळे निकाल फिरला का?

ज्यूरी म्हटलं की आपल्याला नानावटी आठवतो. तो खटला फौजदारी होता. दिवाणी दाव्यात ज्यूरीनं निकाल दिला आणि न्यायाधीशाची चूक निघाली, तर अपिलात काय होतं? मी हा इतिहास वाचत गेलो आणि तो थेट आपल्या कोर्टापर्यंत आला.

१८३५ साली इंग्लंडमध्ये 'क्रीझ विरुद्ध बॅरेट' हा निकाल आला. पुढे त्याचा अर्थ असा लावला गेला की पुरावा चुकीनं घेतला किंवा नाकारला की खटला पुन्हा चालवायचा. ज्यूरीच्या मनात काय होतं हे कोण सांगणार? तर्क बरोबर, पण किरकोळ चुकीवरही सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. खर्च पक्षकाराच्या माथी. अखेर १८७०च्या दशकातल्या सुधारणांनी सांगितलं, मोठा अन्याय झाला असेल तरच फेरखटला.

अमेरिकेत १९४३ साली रेल्वे फाटकावरच्या अपघाताच्या दाव्यात ('पामर विरुद्ध हॉफमन') सर्वोच्च न्यायालयानं ओझं कुणावर ते ठरवलं: निकाल रद्द करा म्हणणाऱ्यानंच नुकसान दाखवायचं. १९९४ मध्ये जनरल मोटर्सविरुद्धच्या दाव्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की ज्यूरीला दिलेली एक सूचना चुकीची होती. तरी निकाल कायम! कारण दोन्ही बाजूंचा सगळा भर तज्ज्ञांच्या साक्षींवर होता, त्या सूचनेवर नव्हता.

आणि आपल्याकडे? १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम १६७ मध्ये हेच होतं. चुकीचा पुरावा वगळूनही निकाल टिकत असेल, किंवा नाकारलेला पुरावा घेऊनही तो बदलला नसता, तर निव्वळ त्या चुकीवर निकाल उलटत नाही. आज तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १६९ आहे. ज्यूरी गेली, नियम राहिला.

"साहेबांनी माझा कागद घेतलाच नाही, अपिलात बघतो!" असं म्हणत माणसं वर्षानुवर्षं तारखा घेतात. मला हा नियम योग्य वाटतो, पण कडकही वाटतो. चुकीचा फटका बसलेल्यानंच 'ती नसती तर काय झालं असतं' हे दाखवायचं! म्हणून हरकत तिथल्या तिथे घ्या, ती नोंदवून घ्या. आणि अपिलात चुकांची यादी वाचू नका. कुठल्या चुकीनं निकाल फिरला, तेवढं दाखवा.