गाढवीचा श्वास आणि बेडकाचे हृदय

१८१४ साली लंडनमध्ये एका गाढवीला क्युरारे हे दक्षिण अमेरिकेतील बाणांचे विष टोचण्यात आले. ते चार्ल्स वॉटरटन यांनी तिकडून आणले होते. गाढवीचे स्नायू लुळे पडले, श्वास थांबला. श्वासनलिकेला छिद्र पाडून भात्याने काही तास हवा भरल्यावर ती उठली आणि पुढे १८३९ पर्यंत जगली. विष ओसरेपर्यंत श्वास चालू ठेवणे एवढाच तेव्हा उपाय होता.

१९०० साली व्हिएन्नात याकोब पाल यांना आढळले, की क्युरारे दिलेल्या कुत्र्याचा श्वास फायसोस्टिग्मिनने परत येतो. हे कसे घडते? चेतातंतूच्या टोकाशी स्रवणारे अ‍ॅसिटिलकोलीन स्नायूला आकुंचनाचा निरोप देते. क्युरारे त्याची जागा अडवते. फायसोस्टिग्मिन, किंवा १९३१ मध्ये तयार झालेले निओस्टिग्मिन, अ‍ॅसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला रोखते. साठा वाढतो आणि क्युरारे मागे हटते.

पण हा साठा केवळ स्नायूंपाशीच वाढत नाही. १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयांवर दाखवले, की हृदय मंदावण्याचा निरोपही एक रसायनच पोहोचवते. ते रसायन म्हणजे हेच अ‍ॅसिटिलकोलीन! म्हणून शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला निओस्टिग्मिन दिले, तर श्वास परतताना नाडी धोकादायकपणे मंदावू शकते. यासाठी पशुवैद्य आधी किंवा सोबत अ‍ॅट्रोपिन देतात. ते हृदयातील ग्राहींना अडवते, श्वासाच्या स्नायूंतील वेगळ्या ग्राहींना मोकळे ठेवते.

निरोप्या एक, पण निरोप घेणारे वेगळे. हा फरक समजला, म्हणूनच आज आपण श्वास परत आणताना हृदयही सांभाळू शकतो.