ज्येष्ठांचा वर्ग: ना परीक्षा, ना मार्क

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज म्हणजे परिसरातील लोकांसाठी चालवलेले, मुख्यतः दोन वर्षांच्या शिक्षणाचे महाविद्यालय. यातल्या बऱ्याच कॉलेजांत ज्येष्ठांसाठीही व्याख्याने आणि वर्ग असतात. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका कॉलेजने १९७५ मध्ये ‘इमेरिटस’ हा खास ज्येष्ठांचा उपक्रम सुरू केला. साहित्य, चित्रकला, संगीत, व्यायाम, संगणक असे विषय तिथे शिकवतात. फी नाही, पदवीची घाई नाही.

त्याआधी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल’मध्ये निवृत्त शाळाशिक्षकांनी असाच एक उपक्रम उभा केला. तिथे सभासदच एकमेकांना शिकवत. आम्ही शिक्षकी पेशातले, म्हणून ही गोष्ट आम्हाला जास्तच भावते. माणूस रिटायर होतो, त्याचे ज्ञान होत नाही.

व्याख्यान तासाभरात संपते. खरी कमाई त्यानंतरच्या गप्पांत असते. ठरलेला वार, ओळखीचे चेहरे आणि घराबाहेर पडायला एक कारण मिळते.

आपल्याकडचेही काही अब्बा-अम्मी मुलांकडे अमेरिकेत कायमचे राहायला जातात. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत आणि हे दोघे दिवसभर बंद घरात! अशा मुलांना आमचे सांगणे आहे: जवळच्या कम्युनिटी कॉलेजात चौकशी करा. इंग्रजी बोलायला शिकवणारे वर्गही अनेक ठिकाणी असतात. प्रवेशाचे नियम कॉलेजागणिक वेगळे असतात, ते आधी नीट विचारून घ्या. आणि पहिल्या दिवशी सोबत जा. तुमच्या शाळेच्या पहिल्या दिवशी तेही आले होते.