शपथेतला ईश्वर आणि आपला प्रतिनिधी

मी ज्या महाविद्यालयात इतिहास शिकवतो तेथे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला इंग्लंडमधील लोकशाहीचा विकास हा भाग आहे. एका तासाला पार्लमेंटमधील शपथेचा वाद सांगत असताना मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला. आमच्या भागातील एका आमदारांचे नाव घेऊन म्हणाला, "सर, हे दर वर्षी दीक्षाभूमीला येतात. आमच्यासोबत उभे राहून बावीस प्रतिज्ञा म्हणतात. मग विधानसभेत त्यांनी ईश्वरसाक्ष शपथ कशी घेतली?" वर्ग हसला. मी म्हणालो, "तो एक उपचार असतो." मुलगा खाली बसला. त्याचे समाधान झाले नव्हते. माझेही झाले नव्हते.

उपचार हा शब्द मी घरातच ऐकला होता. माझ्या आज्याने १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली आणि परत आल्यावर घरातले देव नदीत सोडले. त्याच घरातले माझे चुलते पुढे राखीव जागेवरून सरपंच झाले. आमच्या ग्रामपंचायतीत दर श्रावणात सत्यनारायण घालीत. पूर्वी ज्या पूजेच्या आसपास आमच्या माणसाला फिरकू देत नसत, त्या पूजेला यजमान म्हणून पाटावर बसण्याचा आग्रह आता आमच्याच माणसाला झाला. "सरपंचानं बसायची रीत हाय, आप्पा," असे गावकरी म्हणाले. चुलते चुलतीसह बसले. रात्री आज्याने एवढेच विचारले, "घरातला देव गेला, मग तिथं कुठून आला?" चुलते म्हणाले, "पाच वर्षं गावात कामं करून घ्यायचीत, आबा. तेवढा उपचार म्हणायचा." मी तेव्हा शाळेत होतो.

हा लेख त्या आमदारांवर नाही. चुलत्यांवर तर नाहीच. निवडून आलेल्या माणसाचा ईश्वराशी काय संबंध असावा आणि तो कोणी ठरवावा, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. वर्गात द्यावयाचे राहून गेलेले उत्तर मी त्या इतिहासात शोधतो आहे.

१

इंग्लंडच्या पार्लमेंटचे दार शतकानुशतके शपथेने राखले होते. १८२९ पर्यंत कॅथलिक माणूस तेथे बसू शकत नव्हता. लायोनेल रॉथ्सचाइल्ड हा ज्यू १८४७ साली लंडन शहरातून निवडून आला. पण शपथेत ख्रिस्ती श्रद्धेचे शब्द होते आणि ते उच्चारावयास तो तयार नव्हता. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. प्रत्यक्ष जागा मिळावयास १८५८ साल उजाडले. प्रत्येक वेळी दार थोडे किलकिले झाले, पण कोणता तरी देव मानणाऱ्यांसाठीच.

१८८० साली नॉर्दॅम्प्टनहून चार्ल्स ब्रॅडलॉ निवडून आला. हा उघड नास्तिक. १८३३ साली लंडनच्या गरीब वस्तीत जन्मलेला, वकिलाच्या कचेरीतील कारकुनाचा मुलगा. शाळा लहानपणीच सुटली. चर्चच्या रविवारच्या शाळेत तो शिकवू लागला आणि धर्मग्रंथातील विसंगतींबद्दल त्याने पाद्र्याला प्रश्न विचारले. उत्तरे मिळाली नाहीत. शाळा मात्र गेली आणि सोळाव्या वर्षी घरही सुटले. पुढे त्याने सैन्यात शिपाईगिरी केली, वकिलाकडे कारकुनी केली, १८६६ साली 'नॅशनल सेक्युलर सोसायटी' स्थापन केली. राजेशाहीवरही तो उघड टीका करी. ईश्वरनिंदेच्या आरडाओरड्यामागे हा रागही होता, हे विसरता कामा नये.

त्याला निवडून देणारे कोण होते? नॉर्दॅम्प्टन हे जोडे बनविणाऱ्यांचे गाव. चामडे कापणारे, तळवे शिवणारे कामगार हा त्या गावातील जहाल राजकारणाचा कणा होता. आपल्याकडे चामड्याला हात लावणाऱ्याच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, आणि तिकडे जोडे शिवणाऱ्यांनी एका नास्तिकासाठी अख्ख्या पार्लमेंटशी झुंज घेतली. माझ्या वर्गात चर्मकार समाजाची मुले असतात. हा तपशील सांगताना त्यांच्याकडे पाहिल्यावाचून मला राहवत नाही.

३ मे १८८० रोजी ब्रॅडलॉने शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्यावी, अशी मागणी केली. कोर्टातील नास्तिक साक्षीदारांना १८६९ आणि १८७० च्या कायद्यांनी ती मुभा मिळाली होती. मग पार्लमेंटात का नको, असा त्याचा सवाल होता. समितीने नकार दिला. तेव्हा तो म्हणाला, ठीक आहे, मी शपथ घेतो. आता विरोधकांनी उलटा पवित्रा घेतला: जो ईश्वर मानत नाही त्याला शपथ घेता येणार नाही! प्रतिज्ञा करू देणार नाही आणि शपथही घेऊ देणार नाही. २३ जूनला त्याने सभागृह सोडण्यास नकार दिला, तेव्हा त्याला पकडून घड्याळाच्या मनोऱ्यात रात्रभर कोंडले.

पुढे काही काळ त्याला स्वतःच्या जबाबदारीवर प्रतिज्ञा करून बसू दिले. पण त्याच्यावर दावा लागला. शपथेवाचून केलेल्या प्रत्येक मतदानाला ५०० पौंड दंड, असा कायदा होता. कोर्टाने निकाल विरुद्ध दिला आणि जागा रिकामी झाली. एप्रिल १८८१ मध्ये नॉर्दॅम्प्टनने त्याला पुन्हा निवडून दिले. ३ ऑगस्टला तो सभागृहात शिरू लागला तेव्हा पोलिसांनी आणि शिपायांनी त्याला ओढत बाहेर काढले. त्याचा कोट फाटला. १८८२, १८८४ आणि १८८५ साली पुन्हा निवडणुका झाल्या, आणि तीनही वेळा तोच निवडून आला. सहा वर्षांत पाच विजय! अखेर १३ जानेवारी १८८६ रोजी नव्या सभापतींनी कोणाचीही हरकत ऐकून घेतली नाही आणि ब्रॅडलॉ शपथ घेऊन आपल्या जागेवर बसला. १८८८ साली त्यानेच पुढाकार घेऊन कायदा करविला आणि प्रतिज्ञेचा हक्क सर्वांना मिळाला.

या लढ्यातील दोन गोष्टी आपण नीट ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली ही, की त्याचा मुख्य मुद्दा नास्तिकतेचा नव्हता. मतदारांच्या हक्काचा होता. नॉर्दॅम्प्टनच्या लोकांनी कोणाला पाठवावे हे इतर गावांचे सभासद ठरविणार काय? पंतप्रधान ग्लॅडस्टन अत्यंत धार्मिक माणूस. पण १८८३ साली प्रतिज्ञेच्या विधेयकाची बाजू त्यानेच मांडली. कोणताही देव मानणारा आत आणि न मानणारा बाहेर, यात धर्माचे रक्षण कसले होते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. विधेयक २८९ विरुद्ध २९२ असे तीन मतांनी पडले. दुसरी गोष्ट अशी, की ब्रॅडलॉ शेवटी ईश्वराचे नाव असलेली शपथ घ्यावयास तयार झाला, याबद्दल त्याच्या मित्रांनीही त्याला दोष दिला. परंतु त्याने आधी प्रतिज्ञा मागितली होती. आपण नास्तिक आहोत हे त्याने मतदारांपासून लपविले नव्हते, सभागृहापासूनही नाही. ज्या दाराला दुसरी वाटच नव्हती त्यातून तो आत गेला आणि आत गेल्यावर पहिल्या तीन वर्षांत ती वाट बांधली.

डिसेंबर १८८९ मध्ये ब्रॅडलॉ मुंबईला राष्ट्रसभेच्या अधिवेशनाला आला. हिंदुस्थानचा सभासद म्हणून त्याचा मोठा गौरव झाला. मात्र ज्या मांडवात हा गौरव झाला तेथे अस्पृश्यतेचा प्रश्न वर्ज्य होता. सामाजिक प्रश्न राष्ट्रसभेत आणावयाचे नाहीत, हे धोरण १८८६ सालीच जाहीर झाले होते. धर्माच्या भिंतीवर डोके आपटलेल्या माणसाचा सत्कार करणाऱ्यांना स्वतःच्या घरातील भिंत दिसली नाही. ३० जानेवारी १८९१ रोजी तो वारला. त्याच्याविरुद्धचा १८८० चा ठराव पार्लमेंटने तीनच दिवस आधी कामकाजातून काढून टाकला होता. मृत्युशय्येवर असलेल्या ब्रॅडलॉला ते कळले नाही.

२

ब्रॅडलॉने सहा वर्षे झगडून जे मिळविले ते आपल्याला राज्यघटनेने पहिल्या दिवशी दिले. तेही आपोआप मिळाले नाही. घटनेच्या मसुद्यात राष्ट्रपतींच्या शपथेत ईश्वराचा उल्लेख नव्हता. डिसेंबर १९४८ मध्ये महावीर त्यागी, ह. वि. कामत प्रभृतींनी तो घालण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली; परंतु प्रतिज्ञेचा पर्याय कायम ठेवून. त्यांचे विवेचन वाचण्यासारखे आहे. काही लोकांना ईश्वर हे नैतिक बंधन वाटते. ज्या कर्तव्यांना कायद्याचा धाक नाही ती पार पाडावयास हे बंधन त्यांना उपयोगी पडते, असे ते म्हणतात. म्हणजे बाबासाहेबांनी ईश्वराला मान्यता दिली नाही. मानणाऱ्या माणसाच्या मनाला मान्यता दिली, आणि न मानणाऱ्याच्या मनालाही.

मात्र हाच ईश्वर सर्वांच्या वतीने बोलू लागला तेव्हा सभेने त्याला अडविले. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी कामतांनी सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती मांडली. पूर्णिमा बॅनर्जींनी विनविले, की ईश्वर मताला टाकू नका. थाणू पिल्लै आणि हृदयनाथ कुंझरू यांनी श्रद्धेच्या स्वातंत्र्याचा मुद्दा काढला. मतदान झाले: बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरुद्ध मत देणाऱ्यांत श्रद्धाळू माणसे होती. 'आम्ही भारताचे लोक' हे शब्द त्यामुळेच सर्वांत आधी राहिले. तिसऱ्या अनुसूचीत दोन ओळी एकाखाली एक छापल्या गेल्या: ईश्वरसाक्ष शपथ, आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. कोणती वाचावयाची हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे.

३

मग आपल्या माणसांची अडचण कोठे होती? ती शपथेच्या कागदावर नव्हती; दुसऱ्याच कागदावर होती. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने हिंदू धर्म मानणाऱ्यालाच अनुसूचित जातीचा ठरविले. १९५६ मध्ये त्यात शीख आले. त्याच वर्षी लाखो लोक बौद्ध झाले आणि त्या क्षणी राखीव मतदारसंघाचे दार त्यांना बंद झाले.

१९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या राखीव मतदारसंघातून डॉ. डी. पी. मेश्राम महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. ते बौद्ध झाले आहेत, सबब अनुसूचित जातीचे उमेदवार होऊ शकत नाहीत, असा दावा पंजाबराव नावाच्या अर्जदाराने केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात हिंदू या शब्दात बौद्ध येतात, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. ती व्याख्या तेथल्यापुरतीच आहे, असे सांगितले. धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे मानणे, असा अर्थ न्यायालयाने लावला आणि १९६४ साली मेश्रामांची निवडणूक रद्द झाली.

ब्रॅडलॉला देव नाही म्हणून बाहेर ओढले. मेश्रामांनी जुने देव सोडले म्हणून त्यांची जागा गेली. दोघांनाही मतदारांनी पाठविले होते. फरक असा, की आपल्याकडे कोणाचा कोट फाटला नाही. सर्व काही कायदेशीर भाषेत पार पडले. यानंतर राखीव जागेवर उभे राहणाऱ्या बौद्ध कार्यकर्त्यापुढे दोनच मार्ग उरले: उमेदवारी सोडणे किंवा कागदावर हिंदू राहणे. मनात धम्म आणि कागदावर देव, ही दुहेरी वागणूक आपल्या स्वभावातून आलेली नाही. ती कायद्याने लादली. १९९० साली आदेश दुरुस्त झाला आणि बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, तोवर चौतीस वर्षे गेली होती. एका पिढीचे राजकारण त्यात घडले.

याला पुणे कराराचीही जोड आहे. २४ सप्टेंबर १९३२ पासून राखीव जागेवर उमेदवार आपला आणि बहुसंख्य मतदार इतरांचे, अशी रचना झाली. खुद्द बाबासाहेब १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात पराभूत झाले. नॉर्दॅम्प्टनच्या जोडे शिवणाऱ्यांसारखा पाठीशी ठाम उभा राहणारा मतदार राखीव जागेवरील माणसाला मिळत नाही. म्हणून तो यात्रेला जातो, नारळ फोडतो, पाटावर बसतो. माझ्या चुलत्यांचा 'उपचार' या रचनेतून आला आहे. त्यांना भेकड म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. त्यांच्या पाच वर्षांत आमच्या वस्तीला नळ आला, हेही मला सांगितले पाहिजे.

४

तरीही एक प्रश्न उरतोच. सत्यनारायणाच्या पाटावर गावाचा दबाव असतो. राखीव जागेच्या अर्जावर १९९० पर्यंत कायद्याचा दबाव होता. विधानसभेत शपथ घेताना कोणाचा दबाव असतो? दोन्ही ओळी समोर असतात. प्रतिज्ञा केली म्हणून कोणी हाताला धरून बाहेर काढत नाही. अनेक सदस्यांनी आजवर ती केली आहे. कायद्याचे कुंपण गेले, सवय उरली.

ज्या सदस्याची ईश्वरावर खरोखर श्रद्धा आहे त्याने ईश्वरसाक्ष शपथच घ्यावी. आपल्यातही अशी माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या श्रद्धेची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. आक्षेप एवढाच, की ज्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत त्याने न मानलेल्या साक्षीदाराला साक्षीला बोलावू नये. घटनेशी निष्ठा राखीन असे सांगतानाचे पहिलेच वाक्य खोटे असेल तर पुढच्या वाक्यांचे काय? ब्रॅडलॉच्या विरोधकांना हीच भीती होती, की न मानणाऱ्याची शपथ पोकळ असते. त्याने आयुष्यभर वागून ती भीती खोटी ठरविली. आपण ती खरी ठरवू नये.

यात मतदारांचेही कर्तव्य आहे. निवडणुकीत आपण उमेदवाराला रस्ता विचारतो, घरकुल विचारतो, शिष्यवृत्ती विचारतो. निवडून आल्यावर कोणती ओळ वाचणार, हेही विचारावयास हवे. आणि त्याने आपल्या मनाची ओळ वाचली तर पुढच्या वेळी त्याच्या पाठीशी उभे राहावयास हवे. नॉर्दॅम्प्टनने पाच वेळा केले ते एवढेच.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला पुन्हा उभे केले. म्हणालो, "मागच्या वेळी मी तुला चुकीचे उत्तर दिले. तो उपचार नाही." मग मेश्रामांचा खटला फळ्यावर लिहिला. तो अभ्यासक्रमात नाही. मुलांनी मात्र उतरून घेतला.