रुग्णशय्या, पाठशाळा आणि रुग्णाची भाषा

मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यकाच्या शिक्षणाचा आरंभ देशी भाषांतून झाला, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. इ. स. १८२६ मध्ये डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली जी वैद्यकशाळा निघाली, तिच्यासाठी मराठीत व गुजरातीत ग्रंथ सिद्ध करण्यात आले. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला आणि १८३२ मध्ये ही शाळा बंद पडली. शब्दांचे भांडार हाती आले, त्याच सुमारास ते वापरणारी संस्था मोडली!

१८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट वैद्यक महाविद्यालयाची घडण निराळी होती. त्याला लागूनच जमशेटजी जिजीभाई रुग्णालय होते. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड रुग्णशय्येपाशी शिकवीत, आणि रुग्णालयात केलेल्या नोंदींच्या आधारे त्यांनी हिंदुस्थानातील रोगांवर १८५६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. उपचार, अध्यापन व संशोधन ही येथे एकाच माणसाच्या हाती एकवटली. मात्र अध्यापनाची भाषा इंग्रजी होती. प्रश्न मराठीत विचारावयाचा व टिपण इंग्रजीत करावयाचे, ही दुहेरी रीत तेव्हापासून रूढ झाली.

१८५१ मध्ये पदवी मिळविणाऱ्या पहिल्या तुकडीतील डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पुढे कुष्ठरोगावर कडू कवठाच्या तेलाचा प्रयोग केला. पण औषधाची कृती त्यांनी गुप्त राखली. शोध लागला, उपचारही झाले, परंतु शिष्यांच्या हाती विद्या आली नाही. याउलट डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातील औषधींची सूची १८७९ मध्ये छापली. काष्ठौषधीविक्रेत्याची जिभेवरची नावे त्यामुळे विद्यार्थ्याच्या पुस्तकात आली. भाषेच्या अभ्यासकास हे कार्य भाऊ दाजींच्या शोधाहून कमी मोलाचे वाटणार नाही.

येरळाकाठच्या वडूजचा शेतकरी वैद्यापुढे बसतो तेव्हा 'दुखते' एवढेच म्हणत नाही. पोटात कळ येते, गळू ठणकते, जखम चुरचुरते, पाठीत उसण भरते, अंगात कणकण असते. कळ थांबून थांबून येते. ठणका नाडीच्या ठोक्यासरशी उठतो. यांतील प्रत्येक भेद निदानाच्या उपयोगी आहे. १९६२ मध्ये मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि मुंबई-पुण्याबाहेर, या बोलीच्या टापूतच वैद्य घडू लागले. तेथेही अध्यापन इंग्रजीतूनच झाले; आणि कळ, ठणका, उसण या तिन्हींना रुग्णपत्रिकेत पुष्कळदा एकच इंग्रजी शब्द पुरला.