गोदीतला स्फोट: एक दिवस आणि सात महिने

मुंबईच्या विसाव्या शतकावर काम करायचं ठरवलंत, तर १४ एप्रिल १९४४ या तारखेशी गाठ पडणारच. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. (हे दोन्ही एकत्र भरायची परवानगी युद्धाच्या घाईतच मिळू शकते.) दुपारी आग लागली, चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावरही हादरा नोंदला गेला.

गिरगाव-लालबागच्या जुन्या घरांत विचाराल तर दोन गोष्टी हमखास निघतात: जपान्यांनी बॉम्ब टाकला असं वाटून लोक पळाले, आणि आभाळातून सोन्याच्या विटा पडल्या. दंतकथा म्हणून हसू नका. जहाजावर ३१ पेट्या सोनं खरंच होतं. गाळ उपसताना त्यातल्या विटा १९७०च्या दशकापर्यंत सापडत होत्या. आणि जपानचं म्हणाल, तर सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी स्फोटाची बातमी दिली, इथल्या सेन्सॉरने मात्र ती मे महिन्यापर्यंत अडवून धरली. मधल्या काळात अफवा हीच बातमी होती. म्हणजे तीही साधनच की!

मला जास्त खुपतं ते पुढचं. व्हिक्टोरिया आणि प्रिन्स या दरवाजाच्या गोद्या. भरतीला दार उघडून जहाज आत घ्यायचं, मग दार लावून पाणी आत धरायचं. अशा बंदिस्त हौदात जहाजं बुडाली, शेड कोसळल्या, तर सगळंच अडतं. युद्धाचा माल उतरवायला तर हेच बंदर हवं. आग तीन दिवसांत आटोक्यात आली. पण सुमारे ५ लाख टन ढिगारा उपसून गोद्या चालू करायला ८,००० माणसं सात महिने राबली.

अग्निशामक जवानांचं स्मारक भायखळ्याला आहे, १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. ते योग्यच. पण या ८,००० जणांना तारीख नाही, आणि आपण मुलाखतीत तारखेवरूनच प्रश्न विचारतो. "स्फोटाच्या दिवशी घरचे कुठे होते?" एवढ्यावर थांबलात तर पुन्हा सोन्याची वीटच हाती लागेल. त्यापेक्षा असं विचारून बघा: "त्या साली दिवाळीत घरातलं कोण गोदीत कामाला जात होतं?"